डागासकट फोटो

निरोप सकाळीच येऊन पडला होता, पण त्या दिवशी पहिला कागद जमेना, म्हणून थोरलीने तो वाचला दुपारी बाराच्या पुढे. दिवसाचा पहिला कागद रंगवून दोरीवर वाळत घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा जुना नेम. घरात फोन आला तसा तोही त्या नेमात आला. हात पुसून तिने फोन उघडला आणि उभ्याउभ्याच वाचलं.

‘बाई, फोटोत हातचं काम दाखवता आणि पाठवता छापील वही. पाण्याचा एक थेंब पडला तर सगळा रंग बोटाला आला. देवाला तरी घाबरा.’

शेवटचं वाक्य तिला सुईसारखं टोचलं. देवाला घाबरण्यात तिने आजवर कसूर केली नव्हती.

तिच्या धंद्यात खरं तर फसवायला जागाच नव्हती. उथळ ट्रेमध्ये दाट केलेलं पाणी, त्यावर ब्रशने शिंपडलेले रंगाचे थेंब, त्या थेंबांतून ओढलेला रुंद दातांचा कंगवा, आणि मग वरून अलगद टेकवलेला कागद. कागद उचलला की पाण्यावरची नक्षी कागदावर येते आणि पाण्यावर मागे काही उरत नाही. तीच नक्षी पुन्हा काढ म्हटलं तर खुद्द थोरलीला जमायचं नाही. हे कागद पुठ्ठ्यावर चढवून ती वह्या बांधायची आणि इंटरनेटवरच्या बाजारात, आपल्या छोट्याशा दुकानात मांडायची. एकीसारखी दुसरी नाही, म्हणून प्रत्येक वहीचा फोटो वेगळा. आणि वही पाठवायच्या आधी ती घेणाऱ्याला चारही कोपऱ्यांसकट अख्खी दाखवायची. कुठे थेंब चुकला असेल, कडेला रंग विटला असेल, तर माणसाने घ्यायच्या आधी बघावं, नंतर मनात धरू नये.

पाठवलेल्या वह्यांची यादी तिने वरपासून खालपर्यंत पाहिली. या बाईचं नाव त्यात नव्हतं. ‘ताई, तुम्ही माझ्याकडून काही घेतलेलं दिसत नाही,’ असं तिने नम्रपणे कळवलं. उत्तरादाखल आला तो एका दुकानाच्या पानाचा फोटो. दुकानाचं नाव भलतंच. खाली वही मात्र तिची, निळ्यात शिरलेल्या केशरी लाटेची. दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतः शिवलेली. तीच वही इकडे दिसल्यावर बाईने दोन्ही दुकानं एकाचीच धरली होती.

समोरच्या खोलीत तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करत बसलेला असायचा. उजव्या डोळ्याला भिंग इतकं सवयीचं झालं होतं, की कधीकधी ते तसंच लावून जेवायला यायचा. त्याने फोन हातात घेतला.

“तुझ्या वह्यांना जुळी भावंडं झाली की गं!”

“थट्टा नका करू. एकतीस आहेत तिथे. मी मोजल्या. सगळ्या माझ्या.”

“नाव कुठंय आपलं?”

“कोपऱ्यातलं कापून टाकलंय.”

दोघांनाही जुनं बोलणं आठवलं. फोटो काढायची धाकटी जाऊ. ती वरच्या मजल्यावर राहायची, तिचा नवरा परगावी नोकरीला. हातातला फोन चांगला आणि नजर त्याहून चांगली. सकाळी दहा ते साडेदहा, खिडकीतून ऊन न येता नुसता उजेड येतो तेवढ्या वेळात ती खाली उतरायची, टेबलावर पांढरा कागद अंथरायची, एका बाजूला चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा उभा करायची आणि टकाटक फोटो घ्यायची. “ताई, नाव मधोमध टाकूया,” असं तिने दुकान उघडलं त्याच वर्षी सुचवलं होतं, “कोपऱ्यातलं काय, कुणीही कात्री लावेल.” तेव्हा थोरली म्हणाली होती, “अगं, पोरीच्या चेहऱ्यावर कुणी पत्ता लिहितं का?” मग नाव गेलं कोपऱ्यात, मुंगीएवढं.

नवऱ्याने फोटो बोटांनी मोठा केला, भिंग सरसावलं आणि नाक पडद्याला लागेपर्यंत वाकला.

“हे काय आहे गं काळं?”

“कुठे?”

“खाली, डावीकडे. आपल्या टेबलावरचा डाग तर नव्हे?”

होता. इस्त्री विसरून राहिली होती, तिचा टोकदार डाग. पांढरा कागद थोडा सरकला की तो फोटोत डोकवायचा, म्हणून धाकटी प्रत्येक फोटोच्या कडा कापूनच दुकानात लावायची.

“आपल्या दुकानातल्या फोटोत हा डाग नाहीच,” नवरा एकेक शब्द मोजत म्हणाला. “म्हणजे हा फोटो दुकानातून उचललेला नाही. न कापलेला, आधीचाच आहे हा.”

“मग तिथे कसा गेला?”

“तेच. न कापलेले फोटो कुणाकुणाकडे आहेत?”

“तिच्या फोनमध्ये. आणि तिथून आपोआप माझ्याकडे येतात, तिने करून दिलेल्या त्या अल्बममध्ये.”

“तुझ्याकडून कुणाला गेलेत?”

“माझ्याकडून? मी कशाला देऊ कुणाला!”

हे ती अगदी मनापासून बोलली. गिऱ्हाइकाला त्याचीच वही दाखवणं म्हणजे कुणाला फोटो देणं, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आरशात बघणाऱ्याला आरसा दिला असं कुणी म्हणत नाही.

मग उरलं कोण? नवऱ्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. “विचार तिला सरळ.”

“आणि नसेल तर? उगाच मन दुखावेल.”

“न विचारता मनात ठेवलंस तर ते काय फुलून येणार आहे?”

“तुम्ही घड्याळं बघा,” थोरली म्हणाली.

संशय मोठा कष्टाळू असतो. त्याला एकदा घरात घेतलं की न सांगता कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी धाकटी दहाला खाली आली आणि थोरलीला पहिल्यांदाच दिसलं, की ही आत येताना फोन पालथा धरते. कालपर्यंतही धरत असेल, पण काल कुणी बघितलं होतं? मधेच धाकटी पडद्यावर काहीतरी वाचत होती. थोरली खळीचं भांडं घेऊन मागून आली, तशी तिने फोन चटकन बंद केला.

“कुणाचा गं निरोप?”

“कुणाचा नाही. असंच.”

‘असंच’ हा शब्द थोरलीने दिवसभर चघळला. असंच म्हणजे कसंच? मग गेल्या महिन्यात धाकटीने नवा दिवा आणला, तो कशाला? पूर्वी फोटो काढून झाले की अर्धा तास गप्पा मारत बसायची, आता पाच मिनिटांत जिना चढते, ते कशाला? पूर्वी ‘कुणी घेतली गं ती हिरवी?’ म्हणून हौसेने विचारायची, आता विचारत नाही. आणि परवा म्हणाली, “तुम्हाला काय ताई, तुमची माणसं बरीच वाढलीत.” त्यात टोमणा होता की नाही? तेव्हा वाटला नव्हता. आता एकेक अक्षर सोलून बघितल्यावर आत टोमणाच निघाला.

संध्याकाळी प्रार्थनेला बसली की ती घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याचं भलं मागायची. त्या संध्याकाळी धाकटीच्या नावापाशी अडखळली. घेतलं तिने नाव, पण पुढची दोन नावं जितक्या सहज आली तितकं ते आलं नाही. देवाला हे कळल्याशिवाय राहिलं नसणार, या विचाराने ती आणखीच अस्वस्थ झाली. आणि गंमत अशी, की त्या अस्वस्थपणाचा रागही तिने धाकटीवरच काढला. मनातल्या मनात.

तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली.

युक्ती साधी होती. एक नवी वही बांधायची, काळ्या कागदावर पांढऱ्या नि लाल रेघांची, आजवर न केलेली. तिचा फोटो धाकटीकडून काढून घ्यायचा, पण दुकानात मांडायचाच नाही. कुणा गिऱ्हाइकाला त्या वहीबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तो फोटो त्या दुसऱ्या दुकानात उगवला, तर तो कुणाच्या हातून गेला हे सांगायला ज्योतिषी नको.

अडचण एवढीच, की त्यासाठी खोटं बोलावं लागणार होतं. खोटं बोलायचं नाही हाही तिचा एक नेम होता, सगळ्यांत आधी धरलेला. दोन दिवस ती घुटमळली. शेवटी तिने असा तोडगा काढला, की विचारलं तरच उत्तर द्यायचं, आणि तेही अर्धं.

“अगंबाई! ही काय काढलीत ताई!” धाकटीने वही दोन्ही हातांत धरली. “काळ्यावर? हिला तर उड्या पडतील. कधी लावायची दुकानात?”

“बघू,” थोरली म्हणाली आणि कंगवा धुवायला वळली. कंगवा स्वच्छ होता.

धाकटीने त्या वहीचे नेहमीपेक्षा जास्त फोटो काढले. खिडकीपाशी, तिरके, पाठीमागून, पानं उघडून. थोरली पाठमोरी राहून प्रत्येक ‘टक’ मोजत होती. नऊ झाले.

फोटो काढल्यापासून चौथ्या दिवशी ती वही त्या दुकानात होती.

दहा वाजायला थोडा अवकाश होता. थोरली टेबलाशी फोन घेऊन बसली. खोटं का बोला, मनाच्या एका कोपऱ्यात ‘बघ, मी म्हणत नव्हते!’ असं काहीतरी टुणकन उडालं होतं. त्याची तिला पुढे फार लाज वाटली, पण त्या क्षणी ते होतं.

धाकटी आली. “आज ऊन लवकर सरकणार, पटकन द्या वह्या.”

थोरलीने वही दिली नाही. फोन पुढे केला.

धाकटीने पाहिलं. आधी ओळख पटली म्हणून चेहरा उजळला, मग दुकानाचं नाव वाचून भुवया जवळ आल्या. “हे कुणाचं दुकान? आपली काळी वही तिथे कशी?”

“तेच विचारतेय मी तुला.”

“मला?”

“हा फोटो मी कुठेच लावलेला नाही. कुणाला दाखवलेला नाही. तो फक्त तुझ्या फोनमधून निघाला. आणि हा एकटा नाही. आधी एकतीस गेलेत, डागासकट.”

“एकतीस? कधीपासून?”

“मला कळून दहा दिवस झाले.”

धाकटीने फोन थोरलीकडे परत सरकवला. “म्हणजे दहा दिवस तुम्ही मला रोज या टेबलाशी उभं करून बघत होतात,” ती म्हणाली. “आणि ही वही… ही मला पकडायला बांधलीत?”

“तसं नाही…”

“तसं नाही तर कसं? मी नऊ फोटो काढले हिचे. हौसेने काढले.” तिने पांढरा कागद टेबलावरून उचलला, नीट गुंडाळी केली आणि कोपऱ्यात उभी केली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच समोरच्या खोलीतली टिकटिक एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. “येते, जाऊबाई.”

इतकी वर्षं ती ‘ताई’ म्हणायची.

नवरा दारात येऊन उभा होता. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं होतं. “कबूल झाली?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग तुझी खात्री झाली?”

“झाली,” थोरली म्हणाली, पण तिच्या कानालाही ते खरं लागलं नाही.

त्याच दुपारी बाजार चालवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. थोरलीने चारदा वाचलं, मग नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं. त्या दुसऱ्या दुकानाने तक्रार केली होती, की या बाई आमचे फोटो चोरून स्वतःच्या वह्या म्हणून मांडतात. सात दिवसांच्या आत फोटो आपले असल्याचा पुरावा द्या, नाहीतर दुकान कायमचं बंद होईल. पुरावा म्हणून कॅमेऱ्यातून निघाले तसे मूळ फोटो, न कापलेले, तारीख-वेळेसकट, पूर्ण आकारात. फोनवरून फोनवर आलेल्या लहान प्रती चालणार नाहीत.

“चोराच्या उलट्या बोंबा!” नवरा उसळला. मग शांत झाला आणि भिंग कपाळावर सरकवत म्हणाला, “मूळ फोटो तिच्याच फोनमध्ये.”

“हो.”

“तुझ्याकडे आलेल्या?”

“लहान प्रती.”

चार वर्षांत बांधलेल्या वह्या, प्रत्येकीचा एकुलता एक चेहरा, आणि चेहरे सगळे वरच्या मजल्यावर. जिना वीस पायऱ्यांचा. त्या दिवशी थोरली तो चढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या मनात दोन वकील भांडत होते. एक म्हणे, चोराच्याच दारात पुरावा मागायला जाणार? दुसरा म्हणे, चोर असती तर चोरलेल्या फोटोंत डाग ठेवला असता का? ती तर रोज तोच डाग कापते. हा दुसरा वकील दहा दिवस कुठे झोपला होता कोण जाणे.

तिसऱ्या सकाळी पहिला कागद बिघडला. कंगवा ओढताना हात हलला आणि पाण्यावर नुसता चिखल झाला. तिने तो कागद तसाच दोरीवर टाकला, नेम पुरा केला आणि वर गेली.

दार लगेच उघडलं, जणू धाकटी पलीकडे उभीच होती.

“या, जाऊबाई.”

“मला मूळ फोटो हवेत गं. दुकान बंद करतायत.” थोरलीने पत्र दाखवलं. उंबऱ्यातच दाखवलं, आत जायचा धीर झाला नाही.

धाकटीने वाचलं. “देते. फोटो देणारच आहे. पण आधी एक सांगा. गिऱ्हाइकाला वही पाठवण्याआधी तुम्ही काहीतरी दाखवता ना? काय पाठवता?”

“त्या वहीचा फोटो. अख्खा. ते तर मी पहिल्यापासून करते.”

“कसा पाठवता?”

“कसा म्हणजे? दाबून.”

“दाबून दाखवा. मला पाठवा. नको, यांनी घरी ठेवलेल्या जुन्या फोनवर पाठवा, तो त्या अल्बमला जोडलेला नाही.”

थोरलीने आपला फोन काढला. चष्मा वर-खाली केला. अल्बम उघडला, एक जांभळी वही शोधली, वरच्या कोपऱ्यातलं बाणाचं चिन्ह दाबलं, नंबर निवडला आणि धाडलं. “हे असं. गेला.”

टेबलावरचा जुना फोन वाजला. धाकटीने तो उचलला नाही. “तुम्हीच उघडा.”

थोरलीने आत येऊन तो उघडला. जांभळी वही आली नव्हती. निळ्या अक्षरांची एक ओळ आली होती. तिने तिच्यावर बोट टेकवलं आणि पडद्यावर वह्याच वह्या उलगडत गेल्या. जांभळी, तिच्यावर हिरवी, निळ्यातली केशरी लाट, पार पहिल्या वर्षीच्या कच्च्या वह्यांपर्यंत. सगळ्या पूर्ण, डागासकट, कोपऱ्यात नाव नसलेल्या. आणि सगळ्यांच्या वर, सर्वांत ताजी, काळ्यावर पांढऱ्या-लाल रेघांची. नऊही फोटो.

“तुम्ही फोटो नाही पाठवत,” धाकटी म्हणाली. “तुम्ही अल्बमची चावी पाठवता. ज्याला ज्याला पाठवलीत, त्याला सगळं दिसतं. काल काढलेलंही दिसतं, उद्या काढलेलंही दिसेल. अल्बमला एकशे सव्वीस माणसं जोडलेली आहेत.”

“एकशे सव्वीस?”

“तीन महिन्यांपूर्वी मोजली तेव्हा नव्वद होती. मी रोज बघत होते. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम जोडताय. नाहीतर दुसऱ्या कुणाला फोटोचं काम देताय आणि मला सांगायचं टाळताय. म्हटलं, दुकान तुमचं, माणसं तुमची, मी कोण विचारणार?”

‘तुमची माणसं बरीच वाढलीत.’ म्हणजे टोमणा नव्हता तो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात तिने घरच्या माणसाला चोर ठरवलं होतं. ज्या नेमाचा तिला अभिमान होता, माणसाला सगळं उघडं दाखवायचं, त्याच दारातून चोर आला होता आणि जाताना नमस्कार करून गेला होता.

“मला कसं कळणार होतं गं,” ती पुटपुटली.

“पहिल्या दिवशी विचारलं असतंत, तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं. एवढंच आहे ते.” धाकटीचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. “आणि नव्वद माणसं झाली तेव्हा मीही विचारलं असतं, तर ही वेळच आली नसती. तेही आहे. पण मी तुम्हाला पकडायला वही नाही बांधली.”

“चुकलं माझं,” थोरली म्हणाली. मोठ्या जावेने धाकटीला असं म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. म्हणून तिने ते आणखी एकदा म्हटलं, आधीच्यापेक्षा स्पष्ट. मग फोन पुढे केला. “ही चावी बंद कर बाई. तुला येतं.”

धाकटीने दोन्ही हात पाठीमागे नेले. “मी नाही लावणार हात. उद्या काही बिनसलं तर पुन्हा माझाच हात निघेल. मी सांगते, तुम्ही दाबा.”

तिने सांगितलं, थोरलीने दाबलं. तीन वेळा चुकीच्या जागी गेली, एकदा सगळं बंदच पडलं. धाकटी शेजारी उभी, ओठ आवळून, हात पाठीशी. शेवटी पडद्यावर विचारणा आली: सगळ्यांना काढून टाकायचं का? थोरलीने ‘हो’ दाबलं. एकशे सव्वीस माणसं गेली. त्यांतली एकशे पंचवीस भली असतील. ते एक कोण, हे कधीच कळायचं नव्हतं. चांगली गोड बोलणारी बाई असेल, ‘ताई’ म्हणून हाक मारणारी. थोरली तेव्हापासून प्रत्येक गोड निरोप दोनदा वाचायला लागली.

पुरावा दोघींनी मिळून तयार केला. मूळ फोटो तारखेसकट पाठवलेच. वर धाकटीची अक्कल अशी, की घरात शिल्लक असलेल्या आठ वह्या उघड्या, पालथ्या घालून तिने नवे फोटो काढले. पुढच्या पुठ्ठ्यावरची लाट कण्यावरून मागच्या पुठ्ठ्यावर कशी उतरते, ते एका फोटोत दिसेल असे. “एकाच कागदातून दोन्ही बाजू निघतात ना तुमच्या? त्याला म्हणावं, तू दाखव मागची बाजू.” काळ्या वहीचाही असा फोटो तिने काढला. काढताना बोलली नाही.

सहाव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. दुकान राहणार, त्या दुकानातून सगळे फोटो काढून टाकले. नवऱ्याने बघितलं, तर ते दुकान तसंच चालू होतं, आता दुसऱ्याच कुणाच्या मातीच्या भांड्यांचे फोटो लावून. थोरलीने त्या भांडीवालीला शोधून कळवलं. तिचं उलट उत्तर आलं, ‘तुम्ही कोण? तुम्हाला हे कसं माहीत?’ थोरलीला राग आला नाही. तो प्रश्न कुठून आला ते ती ओळखून होती.

आता नाव मधोमध जातं, बारीक, फिकट, पण नक्षीच्या पोटातून. पोरीच्या चेहऱ्यावर पत्ता लिहिला तो लिहिला. गिऱ्हाइकाला अख्खी वही दाखवायचा नेमही सुटला नाही. फक्त ती आता एकच फोटो दाखवते, लहान केलेला आणि नावासकट, आणि पाठवण्याआधी नवऱ्याला भिंग लावून तपासायला लावते.

धाकटी दहाला खाली येते. ‘ताई’ परत आलं, आठवड्याभराने, बोलण्याच्या ओघात. पण एक नवी रीत पडली. फोटो काढून झाले की ती फोन थोरलीसमोर टेबलावर ठेवायची. उताणा, उघडा.

“बघा.”

“काय बघू?”

“कुणाला काय गेलंय ते. तपासा आणि मग मी जाते.”

“अगं, पुरे कर आता.”

“बघा ताई. मला बरं वाटतं.”

बरं कुणाला वाटत होतं कोण जाणे. थोरली बघायची. न बघावं तर ती जायची नाही. बोट पडद्यावर फिरवताना तिला दरवेळी वाटे, आपल्याच हाताने आपलं माप काढतोय. ती शिक्षा आहे म्हणावं, तर धाकटीच्या आवाजात राग नसायचा. नाही म्हणावं, तर एक दिवस चुकत नव्हता. प्रार्थनेत धाकटीचं नाव ती आता सगळ्यांत आधी घेई, म्हणजे अडखळायची भीतीच नको.

असे दोन महिने गेले. एका सकाळी पाच वह्यांचे फोटो झाले. शेवटचा काढताना वरून कसला तरी जळका वास आला. “अगंबाई, गॅस!” म्हणून धाकटी पळाली. जिन्यावर तिच्या चपला धाडधाड वाजल्या, वर भांडं आपटल्याचा आवाज आला, खिडक्या उघडल्या, मग सगळं शांत.

थोरली टेबलाशी थांबली. रोज फोन ठेवायची त्या जागी आज फोन नव्हता.

गडबडीत राहिलं असेल. का आज तिनेच ठरवलं असेल, की झालं तेवढं पुरे? का आज दाखवायचं नाही असं काही… थोरलीने तो तिसरा विचार येताना ओळखला, दारातल्या ओळखीच्या माणसासारखा. धाकटी परत येईल म्हणून ती दहा मिनिटं उगाच कान देऊन उभी राहिली. समोरच्या खोलीतून नवरा म्हणाला, “हाक मार की, विसरली असेल.”

“नको. आज न बघताच राहू दे,” थोरली म्हणाली.

तिने पांढऱ्या कागदाची गुंडाळी केली आणि ट्रेमधल्या पाण्यावर नवे थेंब शिंपडायला घेतले.